ट्रॅकवर जाऊन घरी परतणारी गाडी

चाकणच्या कारखान्यातून २००९च्या डिसेंबरात फोक्सवॅगन पोलो बाहेर पडू लागली. रांजणगावच्या फियाट कारखान्याने २०१५ साली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो बाजारात आणली. त्याच्याही आधी, २००४ साली, स्कोडाने टर्बो इंजिनाची ऑक्टाव्हिया आरएस भारतात विकायला काढली होती आणि त्या कंपनीचा कारखाना होता औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात. वेगाची हौस असलेल्या दोन पिढ्यांनी ज्या गाड्यांवर जीव टाकला, त्यांतल्या कितीतरी महाराष्ट्रात तयार झाल्या. पण त्या मनाजोगत्या आणि कायदा न मोडता पळवायच्या असतील, तर आजही चेन्नई किंवा कोइम्बतूर गाठावं लागतं. पुण्याहून कोइम्बतूर बाराशे किलोमीटरच्या आसपास आहे. ट्रॅकवर चालवायला जुनी स्पोर्ट्‌स कार शोधणाऱ्या मराठी माणसाने इंजिनाची ताकद विचारण्याआधी हा आकडा वहीत लिहून ठेवावा. तिथे जायचं, दिवसभर गाडीला घाम फोडायचा आणि त्याच गाडीतून घरी यायचं, एवढं सगळं तिच्याकडून हवं असतं.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो, चषक नसतो. आयोजक एका दिवसासाठी सर्किट भाड्याने घेतात, आलेल्या चालकांचे अनुभवाप्रमाणे गट पाडतात आणि प्रत्येक गटाला पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्या देतात. हेल्मेट सक्तीचं असतं, वळणावळणावर झेंडे घेतलेले मार्शल उभे असतात, रुग्णवाहिका तयार असते, नवख्यांच्या शेजारी बहुधा प्रशिक्षक बसतो. समोरून ट्रक येत नाही, मध्येच कुणी रस्ता ओलांडत नाही. गाडी हाताबाहेर गेलीच, तर ती बाजूच्या मोकळ्या जागेत जाऊन थांबावी अशी सोय केलेली असते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि घाटात ती ६० वर येते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला पहिल्या खेपेस तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही शनिवार-रविवारच्या पहाटे लोणावळ्याच्या रस्त्यांवर आणि नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर काय चालतं, हे त्या भागात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. तिथे शर्यती लावणाऱ्या मुलांना नुसतं दटावून भागणार नाही. गाडी तिच्या क्षमतेच्या सीमेपर्यंत नेण्याची ओढ खरी असते आणि तिला योग्य जागा हवी असते. त्या जागेपर्यंत सामान्य पगाराच्या माणसाला पोहोचता यावं, म्हणून गाडीची निवड महत्त्वाची.

बहुतेक जण निवड करतात ती उलट्या टोकाने. हातात सहा लाख असतील, तर सहा लाखांत सर्वांत जास्त अश्वशक्ती कशात मिळते हे शोधतात. मग दृष्टीस पडते ती दहा-बारा वर्षांची जर्मन सेडान, मागच्या चाकांवर चालणारी, दोन लिटरचं इंजिन, कातडी सीट, आणि किंमत नव्या स्विफ्टपेक्षाही कमी. ती किंमत मोहात पाडते. पण गाडी जुनी झाली म्हणून तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. नवी असताना पस्तीस-चाळीस लाखांना विकली गेलेली गाडी पाच लाखांत मिळाली, तरी तिचे ब्रेक, सस्पेन्शनचे आर्म आणि कूलिंगची पाइपलाइन चाळीस लाखांच्या गाडीच्याच भावाने बदलावी लागते. एरवी शहरात वर्षभर टिकणारे ब्रेक पॅड ट्रॅकवर एक-दोन दिवसांत संपू शकतात. अशा गाडीचे मालक पहिल्या ट्रॅक डेनंतर दुसऱ्याला फारसे दिसत नाहीत.

म्हणून सरळ सल्ला असा: सहा लाख असतील तर गाडीवर चारच खर्च करावेत. उरलेले दोन टायर, ब्रेक, सर्व्हिसिंग, ट्रॅकची फी आणि प्रवास यांसाठी बाजूला ठेवावेत. आणि त्या चार लाखांत ताकदवान गाडी न शोधता हलकी, साध्या गिअरची आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारी गाडी शोधावी.

हलकेपणाचा आग्रह फॅशन म्हणून धरायचा नाही, त्यामागे शाळेत शिकलेलं भौतिकशास्त्र आहे. ताशी १४० वरून ६० वर यायचं असेल, तर हजार किलोच्या गाडीच्या ब्रेकना सुमारे ६१७ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. गाडी चौदाशे किलोंची असेल, तर तोच आकडा ८६४ वर जातो. हे एका वळणाचं झालं. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचं सर्किट सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचं आहे, त्यात बारा वळणं आहेत आणि एका गटाला मिळणाऱ्या वेळात अशा सात-आठ फेऱ्या सहज होतात. प्रत्येक जोरदार ब्रेकिंगला साचत जाणारी ही जादा उष्णता पॅड, डिस्क आणि ब्रेक ऑइल यांनाच सोसावी लागते. जड गाडी सरळ रस्त्यावर कितीही सुसाट गेली, तरी तिचा पैसा वळणांवर जळतो. टायरच्या कडांचंही तेच.

ट्रॅकवर कोणती गाडी न्यावी, या प्रश्नाचं जगभरात सर्वांत गाजलेलं उत्तरही हलकंच आहे. माझदाची एमएक्स-५ शिकागोच्या प्रदर्शनात १९८९च्या फेब्रुवारीत आली. दोन सीट, उघडं छत, मागची चाकं फिरवणारं १.६ लिटरचं इंजिन, ताकद ११५ अश्वशक्तीच्या आसपास आणि वजन हजार किलोंच्या आत. आकडे वाचून कुणी हरखून जाणार नाही. पण २०१६ साली दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्यातून बाहेर पडली, आणि अमेरिकेत या एकाच गाडीच्या जुन्या मॉडेलांसाठी ‘स्पेक मियाटा’ नावाचा शर्यतींचा स्वतंत्र वर्ग आहे. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगचा जुना ट्रॅक २०.८ किलोमीटरचा आहे. तिथे फेरी मारायला जगभरातून लोक येतात, आणि त्यांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्यांत सुझुकी स्विफ्ट वर्षानुवर्षं आहे. त्या अवघड ट्रॅकवर पहिल्यांदा उतरणाऱ्याच्या हाती काय द्यावं, हे तिथल्या धंदेवाईक लोकांना अनुभवाने कळलं आहे.

एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही. परदेशातून जुनी आणावी म्हटलं, तर वापरलेली मोटार आयात करण्याचे नियम आडवे येतात. ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे लागतं आणि शुल्क तर गाडीच्या किमतीपेक्षाही वर जातं. स्वस्तात आणायचा विचार तिथेच संपतो. पण भारतातही हलक्या गाडीचा धडा जुनाच आहे. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर एकसीटी रेसकार बांधली, ती ‘फॉर्म्युला मारुती’ म्हणून ओळखली गेली. २००५ साली जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, याच फॉर्म्युला मारुतीत आधी घडला. ७९६ सीसीचं इंजिन! ताकद कमी असली की चुकीची रेष पकडल्यावर ती चूक लपवता येत नाही. वळणातून बाहेर पडताना वेग गमावला तर तो पुढच्या वळणापर्यंत परत मिळत नाही, आणि आपण कुठे चुकलो ते चालकाला जागच्या जागी कळतं. अडीचशे अश्वशक्तीच्या गाडीत तोच चालक सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबून चूक भरून काढतो आणि काहीच शिकत नाही. करिवर्धन यांचं १९९५ साली विमान अपघातात निधन झालं. कोइम्बतूरचा २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचा आहे.

तर मग प्रत्यक्ष बाजारात काय पाहावं?

पहिलं नाव मारुती बलेनो आरएसचं. २०१७च्या मार्चमध्ये ती ८ लाख ६९ हजारांना बाजारात आली तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. कुटुंबाच्या गाडीला टर्बो कशाला, असं गिऱ्हाईक म्हणालं, आणि हौशी मंडळींना तिच्यात ऐट दिसली नाही. ट्रॅकच्या दृष्टीने तिच्याकडे पुन्हा पाहायला हवं. एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, १०२ अश्वशक्ती, पाच गिअर आणि वजन फक्त ९५० किलो. मुख्य म्हणजे चारही चाकांना डिस्क ब्रेक, जे या किमतीत दुर्मीळ आहे. प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर ती बंद झाली, पण त्या इंजिनाचं कूळ २०२३ साली फ्राँक्समध्ये परतलं, त्यामुळे सुटे भाग अगदीच परके राहिले नाहीत. सस्पेन्शन थोडं मऊ आहे, हे मान्य. तरी पहिली ट्रॅक कार म्हणून या किमतीत हिच्यापेक्षा शहाणी निवड सापडणं कठीण आहे. कमी खपल्यामुळे ती शोधावी मात्र लागते.

ती नाही मिळाली, तर २०१८ साली आलेली साधी पेट्रोल स्विफ्ट. ८३ अश्वशक्ती ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी तिचं वजन पाहावं: नऊशे किलोंच्याही आत. मागे ड्रम ब्रेक आहेत, टर्बो नाही, आवाजात दम नाही. पण क्लच प्लेट असो, व्हील बेअरिंग असो की ब्रेक पॅड, वाटेतल्या दावणगेरेच्या दुकानातही ते त्याच दिवशी मिळतं. पुणे-बंगळुरू महामार्गावर रात्री नऊ वाजता गाडी बंद पडलेल्या माणसाला या गुणाची किंमत कळते. स्विफ्ट हे उत्तर अनेकांना फार साधं वाटेल. पहिली दोन वर्षं साध्याच गाडीत काढावीत, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं.

पोलोबद्दल अधिक सविस्तर लिहायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या हौशी चालकांचा जीव तिच्यात जास्त अडकलेला आहे. २०१३च्या एप्रिलमध्ये पोलो जीटी टीएसआय आली: १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती, सात गिअरची स्वयंचलित डीएसजी पेटी. गाडी रस्त्यावर पाय रोवून चालते आणि दारं आजही भक्कम आवाजात बंद होतात. शिवाय फोक्सवॅगनने २०१० पासून भारतात पोलो कप या नावाने शर्यती भरवल्या, त्यामुळे या गाडीचं सस्पेन्शन, ब्रेक आणि इंजिन यांत हात घातलेले मेकॅनिक पुण्यापासून चेन्नईपर्यंत सापडतात. अडचण आहे ती त्या सात गिअरच्या पेटीची. तिचा क्लच कोरडा, म्हणजे तेलात न बुडालेला आहे. सततच्या उष्णतेत ती स्वतःला वाचवायला हात आखडता घेते, आणि तिचा मेकाट्रॉनिक भाग बिघडला तर खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने फार मोठा होतो. ट्रॅकसाठी पोलो घ्यायचीच असेल, तर २०२० ते २०२२ मधली एक लिटर टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल शोधावी. ११० अश्वशक्ती आहे आणि क्लच आपल्या पायाखाली आहे. २०२२ साली पोलोचं उत्पादन थांबल्यापासून तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनी भाव चढवून ठेवला आहे, म्हणून घासाघीस करायला सवड हवी. पोलोलाही मागे ड्रमच आहेत, हेही लक्षात असू द्यावं.

अबार्थ पुंटो ही मनाने घ्यायची गाडी. ९ लाख ९५ हजारांत १४५ अश्वशक्ती आणि चारही चाकांना डिस्क, असं समीकरण २०१५ मध्ये भारतात दुसऱ्या कुणी मांडलं नव्हतं. हायड्रॉलिक स्टिअरिंगमधून रस्ता हाताला जसा कळतो, तसा आजच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगमधून कळत नाही. पण फियाटने भारतातला मोटारींचा पसारा आवरता घेतला, आणि या टर्बो इंजिनाचे भाग आता शोधत फिरावं लागतं. घरात रोजच्या वापराला दुसरी गाडी असेल आणि एखाद्या सुट्या भागासाठी महिनाभर थांबायची तयारी असेल, तर अबार्थ जरूर घ्यावी. ती एकुलती एक गाडी असू नये. हाच नियम टाटा आणि कोइम्बतूरच्या जयेम यांनी मिळून काढलेल्या टियागो जेटीपीला लागू होतो. २०१८ साली ६ लाख ३९ हजारांत ११४ अश्वशक्ती देणारी ती गाडी धाडसी होती, पण थोड्याच काळात बंद झाली आणि तिचे खास भाग आता दुर्मीळ झाले आहेत.

२००० ते २००३ मधली होंडा सिटी व्हीटेक आणि फोर्ड फिएस्टा १.६ एस यांच्या आठवणी काढणारे लोक भेटतात. दोन्ही उत्तम गाड्या. पण खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंग करून घ्यावं लागतं, महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो आणि रबरी बुशपासून रेडिएटरपर्यंत सगळं वयाने थकलेलं असतं. ज्याच्या घराशेजारी जाणता मेकॅनिक आहे त्यानेच तिकडे वळावं. ऑक्टाव्हिया आरएसची २३० अश्वशक्तीची आवृत्ती तर स्वप्नवत आहे. फक्त ती चौदाशे किलोंच्या घरातली गाडी आहे, आणि वर मांडलेलं ब्रेकचं गणित तिलाही चुकत नाही.

गाडी पाहायला जाताना इंजिन थंड असताना जावं. विकणाऱ्याने आधीच सुरू करून तापवलेली गाडी पुष्कळ काही लपवते. पहिल्या स्टार्टला निळसर धूर, टर्बोची शिट्टी, इंजिनाची थरथर, कूलंटच्या टाकीतला तेलकट तवंग हे सगळं तेव्हाच दिसतं. बोनेटखालच्या एप्रनवर कंपनीचे गोल स्पॉट वेल्ड जागेवर आहेत का, की तिथे रंगाचा ताजा हात मारलाय, हे बारकाईने पाहावं. समोरून ठोकलेली गाडी शहरात निमूट चालते, पण ट्रॅकच्या वेगात तिची चाकं सरळ राहत नाहीत. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षी कितीही खोल दिसली, तरी सहा-सात वर्षांचं कडक झालेलं रबर ट्रॅकवर नेऊ नये.

टर्बो गाड्यांत आणखी एक तपास करावा लागतो. लॅपटॉप लावून इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलण्याला हौशी लोक रिमॅप म्हणतात. त्याने ताकद वाढते, तशीच क्लच, टर्बो आणि गिअरपेटीवरची ओढही वाढते. पुष्कळ मालक विकण्याआधी सॉफ्टवेअर पूर्ववत करून घेतात आणि गाडी कोरी असल्याचं सांगतात. घसरणारा क्लच मात्र पूर्ववत होत नाही. वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाचे फेरे भराभर वाढले आणि गाडीचा वेग मागे राहिला, तर बाकी कहाणी ऐकायची गरज नाही. सर्व्हिस सेंटरचा पूर्ण इतिहास असलेली, न छेडलेली गाडी वीस-तीस हजारांनी महाग पडली तरी तीच घ्यावी. मोठी चाकं, घुमणारा सायलेन्सर आणि बसकी स्प्रिंग लावलेल्या गाडीत विकणाऱ्याचे पैसे गेलेले असतात, ते परत करण्याची जबाबदारी घेणाऱ्याची नाही. कायद्याची बाजूही आहेच. कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, हे २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे.

कागद पाहताना कर्जाचा बोजा उतरवला आहे का आणि ई-चलान थकलेली आहेत का, हे आधी तपासावं. परराज्यातली गाडी स्वस्त दिसली, तर एनओसी आणि महाराष्ट्रात नव्याने भरावा लागणारा रस्ता कर धरून किंमत काढावी. त्या हिशेबात स्वस्ताई बऱ्याचदा विरून जाते.

गाडी घरी आली की पहिला खर्च ब्रेकवर करावा आणि तो इंजिनावरच्या कुठल्याही खर्चाआधी करावा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट-४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तीच हद्द १५५ अंशांपर्यंत खाली येते. ट्रॅकवर ते उकळलं की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जातं. पूर्ण वेगात वळण समोर असताना हा अनुभव कुणालाच येऊ नये. ताजं ऑइल भरायला फार पैसे लागत नाहीत, आणि नवखे लोक नेमकं तेच विसरतात. त्यानंतर उष्णता सोसणारे चांगले पॅड, मग कंपनीने सांगितलेल्याच मापाचे पकड चांगली असलेले टायर. ट्रॅकवर टायर तापून आतली हवा फुगते, म्हणून प्रत्येक पाळीनंतर प्रेशर पाहावं लागतं, आणि घरी निघण्याआधी ते पुन्हा प्रवासाला योग्य करून घ्यावं लागतं. चाकांचे नट पान्याने तपासावेत. शेवटची फेरी ब्रेक न लावता सावकाश मारावी, आणि पिटमध्ये आल्यावर तापलेल्या गाडीला हँडब्रेक न लावता गिअरमध्ये उभी करावी.

प्रवासाचा हिशेबही कागदावर मांडावा. जाऊन-येऊन २४०० किलोमीटर, लिटरला पंधराने १६० लिटर पेट्रोल, म्हणजे आजच्या भावाने सोळा हजारांच्या वर, तेही टोल, दोन-तीन मुक्काम आणि ट्रॅकवरचं पेट्रोल सोडून. ट्रॅकवर तीच गाडी लिटरला पाच-सहा किलोमीटर देईल. खासगी मोटारीच्या विम्यात शर्यती आणि वेगाच्या चाचण्या बसत नाहीत, त्यामुळे तिथे पत्रा वाकला तर खर्च स्वतःचा. आयोजक तशा हमीपत्रावर सही घेतात. म्हणूनच कर्ज काढून घेतलेली गाडी ट्रॅकवर उतरवू नये. उद्या भंगारात काढावी लागली तर संसार हलणार नाही, एवढ्याच किमतीची गाडी तिथे न्यावी.

या साऱ्या खर्चात सर्वांत मोठा आणि निरुपयोगी वाटा अंतराचा आहे, आणि त्याला खरेदीदार जबाबदार नाही. महाराष्ट्रात मोटार उद्योगाचं केंद्र आहे, पुण्यात एआरएआयसारखी चाचणी संस्था आहे, अहिल्यानगरला संरक्षण खात्याच्या व्हीआरडीईचे चाचणी ट्रॅक आहेत. नागरिकाने आपली गाडी घेऊन जावं असं पूर्ण लांबीचं सर्किट मात्र नाही. कोल्हापुरात मोहिते मंडळींनी कार्टिंगचा ट्रॅक उभा केला आणि त्या शहराने राष्ट्रीय पातळीवर चालक दिले. एका ट्रॅकने काय होतं, याचा हा पुरावा घरातलाच आहे. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं, भव्य, पण तिथे फॉर्म्युला वन आलं ते २०११ ते २०१३ असं तीनच वर्षं. महाराष्ट्राला तसला डोलारा नको. कारीसारखा दोन किलोमीटरचा ट्रॅक पुरेसा आहे.

तो होईपर्यंत धावपट्ट्या आहेत. भारतातल्या मोटार शर्यतींचा मोठा काळ चेन्नईजवळच्या शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर गेला. कराड, धुळे, यवतमाळ, धाराशिव इथल्या धावपट्ट्यांवर विमानांची वर्दळ मोजकीच असते. त्यांतली एखादी वर्षातून चार रविवार, प्लॅस्टिकचे शंकू लावून, मोटार शर्यतींच्या राष्ट्रीय महासंघाच्या देखरेखीखाली, मार्शल आणि रुग्णवाहिकेसह, रीतसर फी घेऊन उघडावी. राज्याच्या विमानतळ विकास कंपनीने आणि परिवहन खात्याने ठरवलं, तर यासाठी नवी जमीन घ्यावी लागणार नाही, की नवा डांबरी रस्ता करावा लागणार नाही. लोणावळ्याच्या घाटात पहाटे नाकाबंदी लावणाऱ्या पोलिसांनीच ही मागणी पुढे रेटायला हवी.